घुमणारे सभागृह आणि भोवतालचे ध्वनिवर्धक

गतवर्षी माजी विद्यार्थ्यांनी आमच्या शाळेस सराउंड ध्वनिवर्धकांचा एक संच भेट दिला. पुढे तीन, बाजूंस दोन व खर्जासाठी एक, असे ते सहा. मोठ्या उत्साहाने एका वर्गातील ६० मुलांना सभागृहात बसवून आम्ही १९५३ सालचा ‘श्यामची आई’ हा चित्रपट लावला. दहा मिनिटांतच मागच्या रांगांतून कुजबूज सुरू झाली, “आई काय म्हणाली?” आम्ही आवाज वाढविला, तेव्हा शब्द अधिकच पुसट झाले. दुसऱ्या दिवशी अधिक शक्तीच्या ध्वनिवर्धकांसाठी वर्गणी काढण्याची सूचना आली. पालकांवर हा भार टाकण्यापूर्वी दोष यंत्राचा की खोलीचा, हे पाहावे असे आम्हांस वाटले. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. पण विज्ञानशिक्षक मित्र मदतीस होते.

विजापूरच्या गोलघुमटात एका टाळीचे अनेक पडसाद ऐकून मुले हरखतात. तेच घुमणे सभागृहात मात्र वैरी ठरते. कारण आधीचा शब्द विरण्यापूर्वीच पुढचा त्यावर येऊन पडतो. यास निनाद म्हणतात. आवाज वाढविला की निनादही तितकाच वाढतो, हे त्या दिवशी आमच्या ध्यानी आले नव्हते.

हार्वर्ड विद्यापीठातील तरुण अध्यापक वॉलेस सॅबाइन यांच्यापुढे १८९५ साली असेच एक व्याख्यानगृह आले. तेथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. सॅबाइन यांनी शेजारच्या नाट्यगृहातील बैठकींच्या गाद्या आणवून तेथे मांडल्या, ऑर्गनची नळी वाजविली आणि रात्रीच्या शांततेत तो नाद किती वेळाने विरतो ते मोजले. त्यातून निघालेले सूत्र शाळकरी मुलासही सोडविता येईल : घनमीटरांतील आकारमानास ०.१६१ ने गुणावे व खोलीच्या शोषणाने भागावे. उत्तर सेकंदांत येते. शोषणाचे माप म्हणजे उघडी खिडकी, कारण तिच्यातून गेलेला ध्वनी परत येत नाही.

आमचे सभागृह १५ मीटर लांब, ८ मीटर रुंद व ५ मीटर उंच, म्हणजे ६०० घनमीटर. गिलावा, फरशी व काचा मिळून सुमारे १९ चौरस मीटर उघड्या खिडकीइतकेच शोषण करतात, असे धरले. रिकाम्या सभागृहाचा निनादकाल ५ सेकंद आला! दर मुलामागे ०.४ चौरस मीटर धरले, तर ६० मुलांनी तो सव्वादोन सेकंदांवर येतो. संवाद समजण्यास तो एका सेकंदाच्या जवळपास हवा. स्नेहसंमेलनाचा जुना जाड पडदा अडगळीत होता. तो आम्ही मागच्या भिंतीवर, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून, चुण्या घालून टांगला. त्या ४० चौरस मीटरांचे निम्मे शोषण धरले व एकाऐवजी दोन वर्ग बसविले, की उत्तर येते १.१ सेकंद. खर्च शून्य. मुले दाटीवाटीने बसली की शब्द स्पष्ट होतात, हे कोणत्याही शिक्षकास नवलाचे वाटेल.

पडद्याने खर्ज मात्र फारसा शोषला जात नाही. म्हणून खर्जाचा ध्वनिवर्धक कोपऱ्यातून हलविला; कोपरा त्याचा आवाज फुगवितो.

आता बाजूंच्या दोघांविषयी. ‘श्यामची आई’चा ध्वनी मुळात एकाच वाटेने मुद्रित झालेला, आमचे यंत्र मात्र तोच संवाद पाचही ठिकाणांहून सोडत होते. अशा जुन्या चित्रपटास केवळ पुढचा मधला ध्वनिवर्धक चालवावा. ज्या चित्रपटात भोवतालचा ध्वनी खरोखरच आहे, तेथेच बाजूंचे ध्वनिवर्धक लावावेत. काही ध्वनिवर्धक मुद्दाम पुढच्या व मागच्या भिंतींकडे ध्वनी फेकतात. गालिचे-गाद्यांच्या घरगुती खोलीत ते शोभतात, पण घुमणाऱ्या सभागृहात निनादास खतपाणी घालतात. येथे सरळ श्रोत्यांकडे तोंड असलेलेच निवडावेत.

त्यांची उंचीही महत्त्वाची. प्रथम ते कानांच्या पातळीवर होते. भिंतीपासून १ मीटरवरील मुलास कान झाकावे लागत. मध्यभागी, ४ मीटरवरील मुलास काहीच जाणवत नसे. कानांपासून २.२ मीटर वर टांगताच पायथागोरसच्या सिद्धान्ताने ही अंतरे २.४ व ४.६ मीटर झाली. चौपटीचा फरक दुपटीहून कमी झाला! जागा बैठकीच्या किंचित मागे, भिंतीवर. तोंड समोरच्या बाजूच्या मुलांकडे कललेले.

एक अडचण उरली. मागच्या रांगेपासून पुढचा ध्वनिवर्धक १० मीटर, बाजूचा २.४ मीटर. सेकंदास ३४५ मीटर या वेगाने बाजूचा ध्वनी सुमारे २२ सहस्रांश सेकंद आधी पोहोचतो. प्रथम येणाऱ्या ध्वनीच्याच दिशेवर कान विश्वास ठेवतो, हे हेल्मुट हास यांनी १९४९ साली प्रयोगांनी दाखविले. म्हणून यंत्रात ही अंतरे भरून बाजूंचा ध्वनी तितका उशिरा सोडावयास लावले. सर्व रांगांस एकच आकडा जुळणे शक्य नाही. आम्ही मागच्यांची सोय पाहिली, कारण पुढच्यांस तशीही पुढचा ध्वनिवर्धक जवळ असतो.

वर्गणीची यादी फाडून टाकली. ‘श्यामची आई’ पुन्हा लावला, तेव्हा शेवटच्या रांगेतून प्रश्न आला नाही. मुले रडत होती. पंख्यांची घरघर तेवढी अजून राहिली आहे, आणि मे महिन्यात ते बंद करण्याचे धैर्य आमच्या अंगी नाही.