जुन्या गोदामाखालची माती

प्रश्न : आमच्या गावातले सोसायटीचे जुने गोदाम पाडून तिथे अंगणवाडी आणि आठवडी बाजाराचे ओटे बांधायचे ठरले आहे. पूर्वी त्या गोदामात गॅमेक्सिन पावडर, एंड्रिन, बियाण्याला चोळायची औषधे असायची. आम्ही माती तपासून आणली, अहवाल चांगला आला. तरी जुनी माणसे ‘तिथे पोरं नकोत’ म्हणतात. कोणाचे ऐकावे? आणि पायातून निघणारी माती वीटभट्टीवाला न्यायला तयार आहे, ती द्यावी का?
– एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : आधी जुन्या माणसांचे ऐका. तुमचा अहवाल खोटा नसेल, पण तो मृदा आरोग्य पत्रिकेसारखा असेल तर तो पिकासाठी आहे. नत्र, स्फुरद, पालाश, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये अशा १२ गोष्टी त्यात मोजतात. कीटकनाशकांचे अंश किंवा बियाण्याच्या औषधांतला पारा त्यात नसतो. प्रयोगशाळा सांगितले तेवढेच शोधते, म्हणून काय शोधायचे हे आधी ठरले पाहिजे. ते ठरवणारी माहिती तुमच्या गावातच आहे. गोदामात हमाली केलेल्यांना विचारा: पोती कुठल्या कोपऱ्यात रचत, फुटलेले डबे कुठे टाकत, मुदत संपलेला माल पुरला की जाळला? सोसायटीच्या जुन्या साठा-वह्या मिळाल्या तर उत्तमच. जमीन तपासणीतले हे सर्वांत स्वस्त काम, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचेही.

नमुना घेण्याची आपली सवयही इथे मोडावी लागते. शेतासाठी आपण इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घेतो, सगळी माती गोणपाटावर एकत्र करतो, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवतो. खताचा हिशेब करायला ते योग्यच आहे. विषाच्या बाबतीत मात्र एका कोपऱ्यातली जहाल माती नऊ चांगल्या ठिकाणच्या मातीत मिसळली की आकडा निरुपद्रवी दिसतो. म्हणून संशयाच्या जागांचे नमुने वेगवेगळे, प्रत्येकी वरच्या थरातून आणि खालच्या थरांतून, काचेच्या बरणीत, थंड ठेवून पाठवायचे. काळी जमीन असेल तर खोली फार महत्त्वाची. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि वर सांडलेली पावडर त्या भेगांतून खाली उतरते. वरची वीतभर माती खरवडून ‘साफ केले’ असे कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका. जवळच्या, कधी औषध न पडलेल्या बांधावरचा एक नमुनाही हवाच. आपल्या बेसाल्टच्या मातीत क्रोमियम, निकेल मुळातच जास्त असतात. तुलनेला निर्मळ माती नसेल तर निसर्गाचा आकडा प्रदूषणाच्या नावे पडतो.

गॅमेक्सिन म्हणजे बीएचसी. १९९७पासून देशात त्यावर बंदी आहे, पण बंदीने जमिनीतले विष संपत नाही. ते मातीच्या कणांना धरून वर्षानुवर्षे टिकते आणि चरबीत साठते. त्यामुळे विहिरीच्या पाण्याबरोबर त्या आवारात चरणाऱ्या गावठी कोंबड्यांची अंडीही तपासायला सांगा. लहान मुले मातीत खेळतात, हात तोंडात घालतात. एकच माती बाजाराच्या सिमेंटच्या ओट्याखाली चालू शकेल, अंगणवाडीच्या अंगणात नाही. माझे स्पष्ट मत आहे की नवा अहवाल हाती येईपर्यंत अंगणवाडीसाठी दुसरी जागा बघावी.

घाई केली की काय होते हे नेदरलँड्समधल्या लेकरकेर्क गावाने भोगले आहे. तिथे १९७०च्या दशकात शेतीच्या जमिनीतले चर बांधकामाच्या आणि रासायनिक कचऱ्याने भरून त्यावर घरे बांधली. विषारी द्रव्ये पिण्याच्या पाण्याच्या प्लास्टिक नळांतून आत झिरपली. १९८० साली सुमारे २७० घरे रिकामी करावी लागली, आणि १९८३मध्ये त्या देशाला माती स्वच्छ करण्यासाठी खास कायदा करावा लागला.

आपल्याकडे २०२५ साली केंद्राने दूषित जागांसाठी नियम केले आहेत. संशयित जागा स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने कळवायची, मग राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासायची. तेव्हा ग्रामसभेचा ठराव करा, जुन्या माणसांचे म्हणणे लिहून त्यांच्या सह्या घ्या, जागेचा हाताने काढलेला नकाशा जोडा आणि अर्जाची पोच घ्या.

राहिला वीटभट्टीचा प्रश्न. माती देऊ नका. क्लोरीन असलेली ही औषधे अर्धवट जळली तर डायॉक्सिनसारखी आणखी घातक द्रव्ये तयार होऊ शकतात, पारा असेल तर तो धुरातून उडतो, आणि हे सगळे आधी भट्टीवरच्या मजुरांच्या व त्यांच्या पोरांच्या छातीत जाते. चाचणीत माती घातक ठरली तर ती तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या घातक कचऱ्याच्या केंद्रावरच गेली पाहिजे. तोवर खोदकाम थांबवा, निघालेला ढीग पावसाआधी जाड ताडपत्रीने झाका आणि भोवती चर काढा, म्हणजे पाणी ओढ्याकडे जाणार नाही.