सदाफुलीचे गुपित

मुलांनो, गुलाबी किंवा पांढऱ्या फुलांची सदाफुली तुम्ही पाहिली असेल. कुणाच्या अंगणात, कुणाच्या गच्चीवरील डब्यात, तर कधी भिंतीच्या फटीतही ती उगवते. उन्हाळा असो की पावसाळा, तिला फुले असतातच. म्हणून मराठीत तिला सदाफुली आणि उर्दूत सदाबहार म्हणतात. हे झाड मूळचे मादागास्कर बेटावरचे.

शेळी आसपासचे गवत खाते, पण सदाफुलीला सहसा तोंड लावत नाही. असे का बरे? झाडाला पळता येत नाही. ओरडताही येत नाही. म्हणून सदाफुली आपल्या पानांत कडू व विषारी द्रव्ये तयार करते. तीच तिची ढाल.

ही द्रव्ये कशी तयार होतात? मालेगाव-भिवंडीचे कापड आठवा. एक कामगार सुताच्या कांड्या भरतो, दुसरा माग चालवतो, तिसरा कापड रंगवतो. प्रत्येक जण आपले एकच काम करतो आणि माल पुढे देतो. झाडाच्या पेशींतही असेच चालते. तेथील कारागिरांना विकरे म्हणतात. हवा, पाणी आणि सूर्यप्रकाश यांच्या मदतीने झाड आधी साखर बनवते. साखरेपासून साधी द्रव्ये बनतात. मग एकेक विकर त्यांत थोडा थोडा बदल करते. सुमारे 30 पायऱ्यांनंतर दोन मोठी द्रव्ये तयार होतात. एक पानाच्या पृष्ठभागावर साठते, दुसरे पानाच्या आत. ती दोन्ही जुळली, की 'व्हिन्ब्लास्टीन' बनते. पण त्यांची भेट क्वचितच होते. म्हणून एक ग्रॅम व्हिन्ब्लास्टीन मिळवायला सुमारे 500 किलो वाळलेली पाने लागतात!

जमैका बेटावर लोक मधुमेहासाठी या पानांचा काढा पीत. 1950 नंतरच्या काही वर्षांत कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर या शास्त्रज्ञांनी पानांचा अर्क उंदरांना दिला. रक्तातील साखर कमी झाली नाही. पांढऱ्या पेशी मात्र कमी झाल्या. ते निराश झाले नाहीत. ज्या रोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, त्यावर याचा उपयोग होईल का, असा विचार त्यांनी केला. त्यातून कर्करोगावरील औषध मिळाले. याच झाडातील 'व्हिन्क्रिस्टीन' हे औषध आजही इतर औषधांबरोबर रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना देतात. त्यामुळे कितीतरी मुले बरी होऊन शाळेत परतली आहेत.

2022 साली डेन्मार्कमधील शास्त्रज्ञांनी इतर देशांतील सहकाऱ्यांसह एक नवी वाट काढली. पाव फुगवणाऱ्या यीस्टला त्यांनी सदाफुलीची ही कारागिरी शिकवली. यीस्टने ती दोन द्रव्ये बनवली आणि शास्त्रज्ञांनी ती प्रयोगशाळेत जोडली.

मात्र एक गोष्ट विसरू नका. औषध आणि विष यांत मात्रेचाच फरक असतो. सदाफुलीची पाने कधीही चघळू नका. कुणी सांगितले तरी तिचा काढा पिऊ नका. औषध डॉक्टरांकडूनच घ्यावे. आपण तिला रोज थोडे पाणी घालावे आणि तिची फुले पाहावीत.

स्वाध्याय
1. सदाफुली विषारी द्रव्ये का तयार करते?
2. उंदरांवरील प्रयोगात शास्त्रज्ञांना काय आढळले?
3. 'औषध आणि विष यांत मात्रेचाच फरक असतो', हे तुमच्या शब्दांत सांगा.