सोबतीचा हात

१. प्रस्तावना

शाळा अर्ध्यावर सोडण्याच्या बेतात असलेल्या मुलाला शिक्षणात टिकवायचे, तर पुस्तके आणि फीमाफी एवढ्यावर भागते काय? "आज का आला नाहीस?" असे आपुलकीने विचारणारे माणूसही लागते. ऑस्ट्रेलियातील मूलनिवासी समाजाच्या किशोरवयीन मुलामुलींसाठी असे माणूस उभे करण्याचे संघटित प्रयत्न इ.स. २००० पासून झाले. त्यांना शासनाबरोबर मोठ्या कंपन्यांनीही पैसा पुरवला. या प्रयत्नांचे स्वरूप, त्यांचे यश आणि त्यांतून उभे राहणारे प्रश्न यांची ओळख हा वैचारिक लेख करून देतो.

२. उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• ऑस्ट्रेलियातील मूलनिवासींच्या शिक्षणाची पार्श्वभूमी सांगणे.
• 'जीवनकौशल्ये' ही संकल्पना उदाहरणांसह स्पष्ट करणे.
• मदत देणारा आणि घेणारा यांच्या नात्याबद्दल स्वतःचे मत मांडणे.
• 'हात' या शब्दापासून बनलेले वाक्प्रचार योग्य ठिकाणी वापरणे.

३. मूळ पाठ

ऑस्ट्रेलिया म्हटले की आपल्याला क्रिकेट आठवते. परंतु इंग्रजांच्या जहाजांचा पहिला ताफा १७८८ मध्ये तेथे पोहोचला, त्याच्या किमान पन्नास हजार वर्षे आधीपासून त्या भूमीवर माणसे नांदत होती. अडीचशेहून अधिक भाषा तेथे बोलल्या जात. 'ॲबोरिजिनल' या नावाने ओळखले जाणारे हे मूलनिवासी आणि टोरेस सामुद्रधुनीतील बेटांवरचे रहिवासी मिळून २०२१ साली देशाच्या लोकसंख्येच्या सुमारे ३.८ टक्के होते.

या समाजाच्या मनात शाळेविषयी जी भीती आहे, तिला इतिहास आहे. साधारणतः १९१० ते १९७० या काळात शासनाने आणि चर्चच्या संस्थांनी हजारो मूलनिवासी मुले आईबापांपासून तोडली. त्यांना वसतिगृहांत, मिशनमध्ये किंवा गोऱ्या कुटुंबांत ठेवले. मुलींना घरकाम आणि मुलांना शेतमजुरी शिकवली जाई. अनेक ठिकाणी मातृभाषा बोलण्यासही मज्जाव असे. हे सारे 'मुलांच्या कल्याणासाठी' चालले आहे, असे सांगितले जाई. या मुलांना पुढे 'चोरलेल्या पिढ्या' असे नाव मिळाले. त्यांच्याविषयीच्या चौकशीचा अहवाल १९९७ साली संसदेत मांडला गेला. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रुड यांनी संसदेत क्षमा मागितली. ज्या घरातील आजीला शिक्षणाच्या नावाखाली उचलून नेले, त्या घरातील नातवाला शाळेची घंटा गोड कशी वाटावी?

त्याचे परिणाम आकड्यांतही दिसतात. २०२१ साली वीस ते चोवीस वर्षे वयाच्या मूलनिवासी तरुणांपैकी बारावी किंवा तिच्या तोडीची पात्रता मिळवलेल्यांचे प्रमाण सुमारे ६८ टक्के होते. २०१६ साली ते सुमारे ६३ टक्के होते. २०३१ पर्यंत ते ९६ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. वाटचाल सुरू आहे. पण मजल लांबची आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने दहा जीवनकौशल्ये सांगितली आहेत. निर्णय घेणे, अडचण सोडवणे, नवा विचार करणे, चिकित्सक विचार करणे, परिणामकारक संवाद साधणे, माणसे जोडणे, स्वतःला ओळखणे, दुसऱ्याचे मन जाणणे, भावना आवरणे आणि ताण पेलणे ही ती दहा कौशल्ये होत. ही फळ्यावर लिहून शिकवता येत नाहीत. ती माणसाच्या सहवासात उमलतात. म्हणून या कार्यक्रमांत 'मेंटर' या व्यक्तीला महत्त्व आले. शिक्षक विषय शिकवतो. मेंटर सोबत चालतो.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात २००० साली 'क्लॉन्टार्फ फाउंडेशन'चे काम सुरू झाले. संस्थापक जेरार्ड नीशम हे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे खेळाडू व प्रशिक्षक होते. जी मुले वर्गात येत नाहीत, ती मैदानावर मात्र धावत येतात, हे त्यांनी ओळखले. अवघ्या पंचवीस मुलांपासून सुरुवात झाली. शाळेच्या आवारातच 'अकादमी' असते. तिचे पूर्णवेळ कार्यकर्ते मुलांबरोबर खेळतात, गैरहजर मुलाची विचारपूस करतात आणि शाळा संपल्यावर नोकरी मिळेपर्यंत पाठीशी उभे राहतात. खेळायचे, तर शाळेत यायचे आणि मन लावून अभ्यास करायचा, एवढीच अट. नामवंत खेळाडू घडवणे हा येथे हेतू नाही. खेळ हे मुलांना शाळेकडे ओढणारे निमित्त आहे. आज अनेक राज्यांतील दहा हजारांहून अधिक मुले या अकादम्यांत आहेत. त्यांचा खर्च केंद्र शासन, राज्य शासने आणि खासगी कंपन्या व देणगीदार मिळून उचलतात.

दुसरा प्रयत्न सिडनीत झाला. बुंजालुंग समाजातील जॅक मॅनिंग बॅनक्रॉफ्ट हा तरुण सिडनी विद्यापीठात शिकत होता. २००५ साली त्याने विद्यापीठातील पंचवीस विद्यार्थी आणि शाळेतील पंचवीस मूलनिवासी मुले यांची सांगड घातली. ही संस्था 'एम' या नावाने ओळखली जाते. तिने एका अवघड भावनेला हात घातला. मूलनिवासींच्या बोलीत 'शेम' या शब्दाला आपल्या 'लाजे'पेक्षा मोठा अर्थ आहे. चारचौघांत एकटे उठून दिसणे, मग ते कौतुकासाठी का असेना, मुलाला अवघडवून टाकते. उत्तर येत असूनही तो हात वर करत नाही. शिक्षकाला वाटते, याला येत नाही. आपल्याहून चार-पाच वर्षांनी मोठा ताई-दादा शेजारी बसला, की ही गाठ हळूहळू सैल होते. मूलनिवासी असणे ही उणीव नसून बळ आहे, हा विचार या संस्थेने मुलांच्या मनावर ठसवला.

मुलींची दखल काहीशी उशिरा घेतली गेली. बास्केटबॉलपटू रिकी ग्रेस यांनी २००४ साली मुलींसाठी अकादमी काढली, तर 'स्टार्स फाउंडेशन'ची स्थापना २०१५ साली झाली. मुलांच्या क्रीडा-अकादम्यांकडे निधीचा ओघ अधिक आणि मुलींकडे कमी, अशी टीका ऑस्ट्रेलियात वारंवार झाली आहे.

आता कळीच्या प्रश्नाकडे वळू. कोणाच्या जीवनाची कौशल्ये? मुलाखतीच्या तयारीत शिकवतात, "समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोला." परंतु अनेक मूलनिवासी समाजांत वडीलधाऱ्यांपुढे नजर खाली ठेवणे हा आदर आहे. मुलाखत घेणाऱ्याला शांतता म्हणजे उत्तराचा अभाव वाटतो. मूलनिवासी शिक्षिका व चित्रकार मिरियम-रोझ उंगुनमेर-बाउमन यांनी 'दादिरी' ही आपल्या लोकांची संकल्पना जगापुढे मांडली. दादिरी म्हणजे शांत राहून खोलवर ऐकणे. हेदेखील जीवनकौशल्यच नव्हे काय? नातलगाच्या मृत्यूनंतर कित्येक दिवस दुखवट्यात सहभागी होणे हे तेथील मुलाचे कर्तव्य असते. शाळेच्या हजेरीपटावर मात्र ती केवळ गैरहजेरी ठरते. चांगला मेंटर मुलाला दोन्ही रीती समजावतो : कंपनीच्या कचेरीत कसे बोलावे आणि आपल्या घरची रीत का सोडू नये. वाईट मेंटर फक्त पहिली शिकवतो. मग नव्या कार्यक्रमात आणि जुन्या 'कल्याणा'त फारसे अंतर उरत नाही.

दुसरा प्रश्न पैशाचा. कंपन्यांचा पैसा आल्याने पूर्णवेळ माणसे नेमता आली, नोकरीच्या वाटा उघडल्या, हे मान्यच केले पाहिजे. मात्र देणगीचा करार दोन-तीन वर्षांचा असतो. मुलाचे किशोरवय सहा-सात वर्षांचे. देणगीदाराने मध्येच हात आखडता घेतला, की मेंटर निघून जातो. विश्वासाने बिलगलेले मूल पुन्हा एकटे पडते. शिवाय देणगीदाराला हिशेब हवा असतो. 'केपीएमजी' या सल्लागार कंपनीने २०१३ साली 'एम'च्या कामाचे मूल्यमापन केले. खर्चाच्या प्रत्येक डॉलरमागे अर्थव्यवस्थेला सात डॉलरचा लाभ होतो, असा निष्कर्ष निघाला. असा आकडा देणगीदाराला धीर देतो. परंतु भर वर्गात पहिल्यांदा वर उचललेल्या हाताची किंमत डॉलरमध्ये कशी मोजावी?

खाणकंपन्यांच्या बाबतीत प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण त्यांच्या खाणी मूलनिवासींच्या परंपरागत भूमीवर आहेत. मे २०२० मध्ये पिल्बारा भागात रिओ टिंटो कंपनीने लोहखनिजासाठी जुकन घळीतील शैलगृहे सुरुंगाने उडवली. सुमारे ४६ हजार वर्षांपूर्वीच्या मानवी वावराच्या खुणा तेथे होत्या. कायद्याची परवानगी होती. भूमीच्या मूळ मालकांची इच्छा मात्र नव्हती. देशभर संताप उसळला आणि कंपनीच्या प्रमुखासह तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांना पद सोडावे लागले. या घटनेचा मेंटरच्या कामाशी थेट संबंध नाही. तरीही ती एक कसोटी देऊन जाते. जो मुलांना 'ऐकायला शिका' असे सांगतो, त्याने त्यांच्या आजी-आजोबांचे ऐकले आहे काय?

मदत नाकारणे हा यावरचा उपाय नव्हे. मदतीच्या अटी ठरवताना त्या समाजातील वडीलधारी माणसे, आईबाप आणि स्वतः मुले यांना बरोबरीचे स्थान मिळणे, हा उपाय आहे. पूर्वी मुलांना हाताला धरून घराबाहेर ओढले गेले. आज पुढे येणाऱ्या हाताने त्यांना घराशी जोडलेले ठेवून पुढे न्यावे. ओढणारा हात आणि सोबतीचा हात यांतला फरक हाच आहे.

४. पाठगत प्रश्न

(अ) योग्य पर्याय निवडा.
१. क्लॉन्टार्फच्या अकादमीत खेळ हे ......... आहे.
(क) अंतिम ध्येय (ख) शाळेकडे ओढणारे निमित्त (ग) नोकरीचे साधन
२. 'दादिरी' म्हणजे .........
(क) खेळाचा प्रकार (ख) दुखवटा (ग) शांत राहून खोलवर ऐकणे

(आ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. 'चोरलेल्या पिढ्या' कोणाला म्हणतात?
२. उत्तर येत असूनही मूल हात वर का करत नाही?

५. शब्दार्थ

मूलनिवासी – एखाद्या भूमीवर प्रथमपासून राहणारे लोक
मज्जाव – मनाई
चिकित्सक – बारकाईने पारखणारा
सांगड घालणे – जोडणे
शैलगृह – खडकातील निवारा
कळीचा प्रश्न – सर्वांत महत्त्वाचा प्रश्न

६. भाषाभ्यास

'हात' हा शब्द मराठीत कितीतरी अर्थच्छटा घेऊन येतो. 'हात घालणे' म्हणजे एखादे काम सुरू करणे. 'हात आखडता घेणे' म्हणजे खर्च किंवा मदत कमी करणे. 'हातभार लावणे' म्हणजे मदत करणे. पाठातील 'अवघड भावनेला हात घातला' आणि 'हात आखडता घेतला' ही वाक्ये पुन्हा वाचा. 'हातभार लावणे' व 'हात टेकणे' या वाक्प्रचारांचा तुमच्या वाक्यांत उपयोग करा.

७. तुम्ही काय शिकलात?

• सक्तीच्या 'कल्याणा'मुळे ऑस्ट्रेलियातील मूलनिवासींच्या मनात शाळेविषयी अविश्वास निर्माण झाला.
• जीवनकौशल्ये सहवासातून येतात. म्हणून मेंटरचे महत्त्व आहे.
• कंपन्यांच्या पैशाने काम वाढले. पण सातत्य, मोजमाप आणि हेतू यांविषयी प्रश्नही उभे राहिले.
• मदतीच्या अटी ठरवण्यात घेणाऱ्याचाही वाटा हवा.

८. स्वाध्याय

१. 'शिक्षक विषय शिकवतो. मेंटर सोबत चालतो.' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
२. ओढणारा हात आणि सोबतीचा हात यांतील फरक पाठाच्या आधारे लिहा.
३. तुमच्या घरची अशी एखादी रीत सांगा, जी नोकरीच्या ठिकाणी चुकीची समजली जाऊ शकते. त्या वेळी तुम्ही काय कराल?
४. उपक्रम : भारतात कंपनी कायदा, २०१३ नुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना आपल्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. तुमच्या भागात अशा निधीतून चालणाऱ्या एखाद्या कामाची माहिती मिळवा. ते ठरवताना तेथील लोकांना विचारले होते काय, याची चौकशी करा आणि दहा ओळी लिहा.

९. पाठगत प्रश्नांची उत्तरे

(अ) १. (ख) २. (ग)
(आ) १. शासनाने व चर्चच्या संस्थांनी आईबापांपासून तोडलेल्या मूलनिवासी मुलांना 'चोरलेल्या पिढ्या' म्हणतात. २. चारचौघांत एकटे उठून दिसण्याने मूल अवघडून जाते, म्हणून ते हात वर करत नाही.