‘सिन्स फाइव्ह इयर्स’मध्ये चुकतं काय?

प्रश्न : मुलाखतीत ‘आय ॲम लिव्हिंग इन नेर सिन्स फाइव्ह इयर्स’ असं म्हटलं, तर समोरचे हसले. यात काय चुकलं? – एक वाचक, नेर परसोपंत (जि. यवतमाळ)

उत्तर : चुका दोन आहेत आणि दोन्ही मराठीतून आल्या आहेत. आपलं ‘पासून’ सगळीकडे चालतं : ‘२०२० पासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’सुद्धा. इंग्रजी इथे काटेकोर. सुरुवात सांगायची तर ‘सिन्स’, कालावधी सांगायचा तर ‘फॉर’. शिवाय मराठीत ‘राहतो आहे’ एवढ्यावर भागतं. इंग्रजीत तेव्हापासून आजपर्यंतचा काळ क्रियापदातही दिसावा लागतो. म्हणून ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन नेर फॉर फाइव्ह इयर्स’.

‘डिस्कस अबाउट’ हे त्याचंच भावंड. मराठीत चर्चा एखाद्या गोष्टीविषयी होते, म्हणून ‘अबाउट’ आपोआप चिकटतं. ते गाळावं. ‘मायसेल्फ अमुक’ऐवजी साधं ‘आय ॲम’ म्हणावं.

‘प्रीपोन’ला हसणाऱ्यांकडे मात्र खुशाल दुर्लक्ष करावं. भारतात रुळलेला हा शब्द ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही आहे.

वाक्प्रचारांची गत वेगळीच. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, तरी निबंधात पाऊस आला की ‘कॅट्स अँड डॉग्ज’ हमखास कोसळतात! जोनाथन स्विफ्टच्या १७३८ च्या पुस्तकात हा प्रयोग आहे. आजच्या बोलण्यात तो जुनाट वाटतो. ‘इट्स पोअरिंग’ पुरे.