निवारा परळला, की परळच्या बाहेर?

भाची : मावशी, कॉलेजात बेघरांसाठी निवारा डिझाइन करायला दिलाय. मी परळची जागा घेतलीय. पुरुषांचा एक हॉल, बायकांचा एक. बंक बेड टाकले की शंभर माणसं आरामात मावतात.

मावशी : मावतील गं, पण येतील का? टाटा हॉस्पिटलबाहेरचा फूटपाथ बघ. नवरा केमोसाठी आलेला, सोबत बायको आणि लहान पोर. तुझ्या नकाशात तो इकडे, ती तिकडे. रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या तर जवळ कोण? ते ताडपत्रीखालीच राहतील, तुझ्या हॉलकडे फिरकणार नाहीत.

भाची : म्हणजे कुटुंबांसाठी वेगळ्या खोल्या?

मावशी : छोट्या चालतील, पण दाराला कडी हवी. आणि कुलूप लागणारं कपाट. रस्त्यावर राहणाऱ्याचा जीव एका प्लास्टिकच्या पिशवीत असतो. रिपोर्ट, आधार कार्ड, रेशन कार्ड, सगळं त्यात, आणि ती उशाखाली. सामान उचलणारी गाडी आली आणि त्यात पिशवी गेली, की पुन्हा पहिल्यापासून धावाधाव. बाईला विचारशील तर ती आधी संडासाचं बोलेल. रात्री उघडा असतो का, दर खेपेला पैसे पडतात का. तुझ्या बंक बेडचं नाव दहाव्या वाक्यात येईल.

भाची : पण असे निवारे किती असायला हवेत, याला काही नियम?

मावशी : सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितलं, मोठ्या शहरांत लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक निवारा, चोवीस तास चालणारा. 2011 च्या जनगणनेत मुंबई सव्वा कोटीच्या आसपास, म्हणजे सव्वाशे निवारे, साडेबारा हजार माणसं. त्याच जनगणनेने मुंबईत बेघर मोजले 57 हजारांवर. आणि तेवढे सव्वाशेही आपण उभे केलेले नाहीत.

भाची : मग शहराबाहेर एकच मोठी इमारत बांधावी. जमीनही स्वस्त.

मावशी : दादरच्या फुलबाजारात पहाटे ओझी उचलणारा हमाल तिथून कसा येणार? लोकल सुरू व्हायच्या आधी त्याचं काम सुरू. 1985 च्या ओल्गा टेलिस खटल्यात न्यायालयाने हेच मान्य केलं, की माणूस फूटपाथवर राहतो कारण पोट तिथे आहे, आणि उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग. मात्र त्याच निकालाने फूटपाथ मोकळे करायची मुभाही दिली. आपण दुसरा भाग तेवढा मनावर घेतला.

भाची : पूर्वी गिरणी कामगारांचं कसं निभायचं?

मावशी : गावच्या खोल्यांवर. कोकणातल्या गावकऱ्यांनी वर्गणी काढून लालबाग-परळला खोली घ्यायची. भिंतीशी ट्रंका, कोपऱ्यात वळकट्या. दिवसपाळीचा उठून गेला की रातपाळीचा त्याच जागी आडवा. धोबीतलाव-गिरगावकडे गोवेकरांचे कूड तसेच. भाडं परवडणारं, खानावळ जवळ, आजारी पडलं तर गावाला कळवणारं कुणीतरी. बायकांना मात्र तिथे थारा नव्हता, तेव्हा फार हळवी होऊ नकोस. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आजही कॅन्सरच्या पेशंटना नातेवाइकांसकट ठेवून घेते.

भाची : म्हणजे नमुने आहेत. मग अडतं कुठे?

मावशी : शेजाऱ्यांपाशी. मे 2021 मध्ये म्हाडाने करी रोडच्या पुनर्विकसित इमारतींमधली शंभर घरं टाटाच्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी दिली. रहिवाशांनी विरोध केला, आमदारांनी पत्र दिलं, जूनमध्ये मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली. मग पर्याय म्हणून बॉम्बे डाइंग गिरणीच्या आवारातली घरं पुढे आली.

भाची : किती कोत्या मनाची माणसं!

मावशी : एवढ्या लवकर निकाल देऊ नकोस. आम्हाला विश्वासात घेतलं नाही, ही त्यांची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. रोज नवी माणसं जिन्यात दिसणार, तर सोसायटी बिचकणारच. पण म्हणून कॅन्सरचा पेशंट फूटपाथवर, हे मला पटत नाही. हॉस्पिटल परळला आहे, तर त्याच्या माणसांची सोयही परळलाच हवी.

भाची : मग मी नकाशात काय बदलू?

मावशी : तळमजल्यावर दवाखाना आणि पाळणाघर काढ, शेजारच्या चाळीतल्या पोरांनाही घेणारं. बाकावर मधोमध लोखंडी दांडे टाकू नकोस, थकलेल्याला पाठ टेकू दे. आणि सरांना दाखवण्याआधी हा नकाशा शेजारच्या सोसायटीच्या कमिटीपुढे ठेव. शिव्या बसतील. बसू देत, पण तिथून उठायच्या आधी त्यांच्या अटी लिहून घे.