शिंकांचे गणित

हॉस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये असा एक तरी मित्र असतोच, ज्याला ठराविक महिन्यांत सकाळी उठल्याबरोबर ओळीने दहा-बारा शिंका येतात, डोळे चुरचुरतात आणि नाक दिवसभर गळत राहते. आपण त्याला सर्दी म्हणून मोकळे होतो. पण साधी सर्दी आठवड्याभरात जाते. ही मात्र दर वर्षी त्याच सुमारास येते आणि महिनाभर मुक्काम ठोकते. अशा वेळी हवेतल्या परागकणांची अॅलर्जी असण्याची शक्यता बरीच असते.

पावसाचा अंदाज रोज मिळतो, मग परागकणांचा का मिळू नये? मिळू शकतो. पण ज्याचे मोजमाप नाही त्याचा अंदाजही नाही, हे आपल्या शाखेच्या माणसांना वेगळे सांगायला नको. म्हणून आधी मोजायचे कसे ते पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे यात गुलाबाचा दोष नसतो. रंगीत, सुवासिक फुलांचे पराग सहसा जड आणि चिकट असतात, ते मधमाशा नेतात. त्रास होतो तो मुख्यतः वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या गवतांचा आणि झाडांचा. गवताचा परागकण साधारण ३० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही लहान!

मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांना स्वतःलाच हा त्रास होता. त्यांनी चिकट काचपट्ट्या उघड्यावर ठेवून परागकण मोजले, पतंगाला बांधून उंचावरच्या हवेतलेही पकडले आणि १८७३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. या पद्धतीत अडचण एकच. काचेवर किती कण पडले ते कळते, पण ते किती हवेतून आले ते कळत नाही.

ती अडचण इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रातल्या हर्स्ट यांनी १९५२ मध्ये सोडवली. त्यांच्या यंत्रात पंप मिनिटाला १० लिटर हवा ओढतो. ती हवा १४ मिलिमीटरच्या फटीतून चिकट पृष्ठभागावर आदळते. हा पृष्ठभाग तासाला २ मिलिमीटर सरकतो, त्यामुळे कोणत्या तासाला किती कण आले हेही कळते. पुढे याच तत्त्वावर सात दिवस चालणारी यंत्रे निघाली.

आता थोडे गणित. मिनिटाला १० लिटर म्हणजे दिवसाला १४.४ घनमीटर हवा. दिवसाची पट्टी ४८ मिलिमीटर लांब आणि १४ रुंद, क्षेत्रफळ ६७२ चौरस मिलिमीटर. सगळी पट्टी मोजत बसलो तर सेमिस्टर संपेल! म्हणून मायक्रोस्कोपखाली, समजा, अर्ध्या मिलिमीटर रुंदीच्या चार लांब रेघा मोजल्या. त्यांचे क्षेत्रफळ ९६, म्हणजे एकूणच्या एक सप्तमांश. त्यात १८० कण सापडले, तर पूर्ण पट्टीवर सुमारे १२६० आणि घनमीटरला १२६० भागिले १४.४, म्हणजे ८७.५. ब्रिटनच्या हवामान खात्याच्या मोजपट्टीवर गवताचे ५० ते १४९ म्हणजे 'जास्त' पातळी. झाला रिपोर्ट तयार!

पण गंमत अशी, की हा आकडा कालचा असतो. अॅलर्जीवाल्याला हवा असतो उद्याचा. इथून अंदाजाचे काम सुरू होते. ऑस्ट्रेलियातले मेलबर्न शहर याचे चांगले उदाहरण आहे. तिथे गवताचा मोसम ऑक्टोबर ते डिसेंबर. त्याआधी कुरणांवर पाऊस चांगला झाला असेल तर गवत माजते आणि मोसम कडक जातो. मग रोजचा वारा बघायचा. उत्तरेकडून, म्हणजे जमिनीवरून, गरम वारा आला तर शहरात परागकण वाढतात, दक्षिणेकडून समुद्राचा आला तर कमी होतात. मागच्या अनेक वर्षांच्या मोजण्या आणि हवामानाचा अंदाज यांची सांगड घालून उद्याची पातळी काढतात.

तरीही २१ नोव्हेंबर २०१६ ला घात झाला. दिवस गरम होता, गवताचे परागकण घनमीटरला १०० च्या वर होते आणि संध्याकाळी वादळ आले. ओलाव्याने परागकण फुटले आणि त्यातले अतिसूक्ष्म कण बाहेर पडले. अख्खा परागकण नाकातच अडकतो, हे तुकडे मात्र थेट फुप्फुसात पोचतात. हजारो लोक श्वास लागून दवाखान्यांत धावले आणि दहा जण दगावले. यातल्या अनेकांना आधी दमा असल्याचे माहीतही नव्हते, त्यांना फक्त 'शिंकांचा त्रास' होता. त्यानंतर २०१७ पासून व्हिक्टोरिया राज्याने वादळी दम्याच्या धोक्याचा अंदाज द्यायला सुरुवात केली. परागकण किती आहेत एवढे कळून पुरत नाही, हवामान त्यांचे काय करणार हेही बघावे लागते, हा त्यातला धडा.

मेलबर्नचे आकडे आपल्याला उपयोगी नाहीत, कारण गवत वेगळे, मोसम वेगळा. आपल्याकडचे गाजर गवतच घ्या. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा नजरेत आले आणि नंतर देशभर पसरले. त्याच्या परागकणांनीही अॅलर्जी होते. म्हणून नोंदी त्या त्या गावाच्याच हव्यात. चंदीगडसाठी तिथल्या पीजीआय आणि पंजाब विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये परागकणांचे कॅलेंडर प्रसिद्ध केले, त्यावरून कोणत्या महिन्यात कशाचे पराग उडतात ते कळते. कॅलेंडर म्हणजे अंदाज नव्हे, पण अंदाजाची पहिली पायरी नक्कीच.

आपण काय करू शकतो? ज्याला त्रास आहे त्याने वहीत रोज चार गोष्टी लिहाव्यात: तारीख, त्रास किती, वारा-पाऊस कसा, आणि आवारात काय फुलले आहे. वर्षभरात स्वतःचे कॅलेंडर तयार होईल आणि डॉक्टरांनाही ते कामाला येईल. त्रासाच्या दिवसांत चादरी बाहेर वाळत घालू नयेत, बाहेरून आल्यावर तोंड धुवावे. शिंकांबरोबर धाप लागत असेल किंवा छातीत घरघर होत असेल, तर अंगावर न काढता डॉक्टरांना दाखवावे.

आणि प्रोजेक्टचा विषय शोधणाऱ्यांनो, एक छोटा पंप, हवेचा प्रवाह मोजायचे साधन, तासाला २ मिलिमीटर सरकणारी मोटर आणि एक मायक्रोस्कोप. कण ओळखायला वनस्पतिशास्त्राच्या सरांना सोबत घ्या. गच्ची तर आपल्याकडे आहेच!