शाळेत आलेले चाक

गावात शाळा असते. परंतु पुष्कळदा शाळेत गाव नसते. शेतकरी, सुतार, कुंभार, सुईण ही माणसे शाळेवरून नित्य जातात. आत मात्र त्यांचे पाऊल क्वचितच पडते. पुस्तकात बाष्पीभवन असते आणि घरी पाण्याचा माठ असतो. दोहोंची भेट होत नाही.

ही भेट घडवावी, हा विचार नवा नव्हे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. शिक्षण मातृभाषेतून व हस्तोद्योगाच्या आधारे व्हावे, असे तेथे ठरले. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्यानुसार अभ्यासक्रम आखला. तेच शिक्षण पुढे 'नई तालीम' या नावाने प्रसिद्ध झाले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी १० दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्या हाताखाली काम शिकावे, असे सुचविले आहे.

अशा भेटीने काय साधते? समजा, एका खेड्यातील शाळेत गुरुजींनी कुंभारास बोलाविले आहे. त्याचा मुलगा त्याच वर्गात शिकतो. बापाचे मातीने माखलेले हात सोबत्यांना दिसणार, या संकोचाने तो मान खाली घालून मागे बसला आहे.

कुंभार अंगणात चाक मांडतो, काठीने त्यास गती देतो आणि मातीचा गोळा मध्यावर ठेवतो. पाहता पाहता गोळ्यातून मडके आकारास येते.

"काका, या मातीत लीद का मिसळली?" एक विद्यार्थी विचारतो.

"आव्यात भाजताना ती जळून जाते, बाळ. मग मडक्याला बारीक छिद्रे राहतात. त्यांतून पाणी पाझरते, म्हणून माठ गार."

"पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती माठातील उष्णता घेऊन जाते," गुरुजी म्हणतात. "हेच आपल्या धड्यातील बाष्पीभवन!"

वर्गात पहिला येणारा विद्यार्थी चाकाशी बसतो. त्याच्या हातातील माती एका बाजूस कलते आणि कोसळते. तेव्हा मागे बसलेला मुलगा न सांगता उठतो, बापाशेजारी बसतो आणि त्याने घडविलेले मडके दोऱ्याने अलगद कापून चाकावरून उतरवितो. कोणीही हसत नाही. सारे त्याच्या बोटांकडे पाहत राहतात.

अशा पाहुण्यास भाषण करावयास सांगू नये. त्याच्या हातांस काम द्यावे. विद्यार्थ्यांनी प्रश्न आधी योजून ठेवावेत आणि पाहिलेले नंतर लिहून काढावे. एका भेटीने कोणी कुंभार होत नाही. कुंभाराच्या मुलाने कुंभारच व्हावे, असाही हेतू नाही. परंतु एखाद्यास मातीचे, दुसऱ्यास उष्णतेचे, तिसऱ्यास आकाराचे कुतूहल वाटू लागते. कोणत्या कुतूहलातून कोणाचा मार्ग उघडेल, हे आधी सांगता येत नाही.

आणखी एक लाभ याहून मोठा आहे. ज्या हातांची लाज वाटत होती, त्या हातांतही विद्या असते, हे सर्वांस कळते. ती विद्या शाळेच्या दाराबाहेरच उभी असते. तिला सन्मानाने आत बोलाविले पाहिजे.

स्वाध्याय
१. माठातील पाणी गार का राहते?
२. कुंभाराच्या मुलाचा संकोच कसा दूर झाला?
३. तुमच्या गावातील एका कारागिरास विचारावयाचे पाच प्रश्न लिहा.